महाडीबीटीवरची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती : योजना चांगली, वाटपाची रीत मध्यम

बारावीनंतरच्या शिक्षणासाठी राज्याचा अल्पसंख्याक विकास विभाग जी शिष्यवृत्ती देतो, तिचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरले जातात. भाचीच्या अभियांत्रिकी प्रवेशाच्या निमित्ताने ही सेवा जवळून पाहता आली.

पात्रतेच्या बाबतीत ही योजना केंद्राच्या मेरिट-कम-मीन्स या, गुणवत्ता आणि उत्पन्न या दोन्हींवर आधारलेल्या अल्पसंख्याक शिष्यवृत्ती योजनेपेक्षा निश्चितच उदार आहे. केंद्राची ती योजना २००७ मधली. तिच्यात पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागत होते आणि काही नामांकित संस्था वगळता शुल्कापोटी वर्षाला जास्तीत जास्त २०,००० रुपयेच मिळत होते, जे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आजच्या शुल्कापुढे तोकडे आहेत. राज्याची उत्पन्नमर्यादा ८ लाख असल्याने छोट्या दुकानदाराची किंवा एसटीच्या वाहकाची मुलेही तिच्यात बसतात. शिवाय केंद्राच्या यादीत मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि जैन हे सहाच समाज आहेत, तर महाराष्ट्राने २०१६ मध्ये ज्यूंनाही अल्पसंख्याक दर्जा दिला.

अडचण आहे ती अर्ज भरल्यानंतर. धर्माबाबत स्वयंघोषणापत्र पुरते, ही सोय खरोखर चांगली; मात्र उत्पन्नाच्या दाखल्याची स्कॅन केलेली फाइल ठरलेल्या आकारात (केबीत) बसवताना तहसीलदारांचा शिक्का पुसट होतो आणि ‘अस्पष्ट कागदपत्र’ म्हणून अर्ज परत येतो. भाचीचा अर्ज पडताळणीसाठी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनवर बरेच दिवस पडून होता. विद्यार्थ्याला अर्जाची अंतिम तारीख काटेकोरपणे पाळावी लागते, पण अर्ज अडवून ठेवणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. रक्कम उशिरा हाती येते आणि शुल्क मात्र आधी भरावे लागते. ज्यांच्यासाठी योजना आहे, त्यांनाच ते सर्वांत जड जाते.

पडताळणी हवीच. केंद्राच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांच्या तपासणीत २०२३ मध्ये १,५७२ पैकी ८३० संस्था बोगस किंवा बंद आढळल्या, सुमारे १४४ कोटी रुपयांचे नुकसान समोर आले आणि प्रकरण सीबीआयकडे गेले. तिथे मूळ दोष संस्थांच्या पातळीवरचा होता, तरी कागदपत्रांचा जाच वाढतो तो विद्यार्थ्याचाच.

योजना पात्र विद्यार्थ्याने सोडू नये. उत्पन्नाचा दाखला प्रवेशफेरीआधीच काढून ठेवावा, बँक खाते आधारशी जोडलेले आहे ना ते तपासावे आणि अर्ज भरल्यावर महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती कक्षात पाठपुरावा चालू ठेवावा.