ए५२० मदरबोर्ड अमळनेरच्या उन्हात: दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

अमळनेरला घरी जुळवलेल्या कॉम्प्युटरमध्ये ए५२० चिपसेटचा (एएमडीच्या रायझन प्रोसेसरसाठीच्या स्वस्त बोर्डांवरची मुख्य चिप) मायक्रो एटीएक्स, म्हणजे लहान आकाराचा मदरबोर्ड टाकला, त्याला आता दोन उन्हाळे झाले. सोबत रायझन ५ ५६००जी प्रोसेसर (ग्राफिक्स आतच असलेला), ८-८ जीबीच्या दोन रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि ४५० वॅटचा ब्रॉन्झ रेटिंगचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दिवसा कृषी सेवा केंद्राचं टॅली आणि रात्री पुतण्याचं व्हिडिओ एडिटिंग, त्यामुळे मशीनला आराम कमीच. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. त्याच नावाचा बोर्ड पुढच्या रिव्हिजनमध्ये आतून बदललेला मिळू शकतो. त्यापेक्षा काय बघून घ्यायचं ते लिहितो, ते कुठल्याही कंपनीच्या बोर्डाला लागू पडेल.

आपल्या भागात सगळ्यात आधी बघायचं ते व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला लागेल तेवढं व्होल्टेज देणारा बोर्डाचा भाग. एसएमपीएस बोर्डाला १२ व्होल्ट देतो, प्रोसेसरला लागतात जेमतेम सव्वा व्होल्ट. हे खाली उतरवण्याचं काम सॉकेटच्या शेजारी ओळीने बसवलेले छोटे चौकोनी मॉसफेट करतात. ५६००जी वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोर लागला की तो ८८ वॅटपर्यंत ओढतो. इतक्या कमी व्होल्टेजला ८८ वॅट म्हणजे ७० अँपिअरच्या आसपास करंट, आणि तो सगळा त्या चिमुकल्या तुकड्यांतून जातो. स्वस्त बोर्डांवर ते उघडेच असतात. मी घेतलेल्या बोर्डावर त्यांच्यावर अॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे, आणि त्यासाठी थोडे पैसे जास्त मोजले. ते वसूल झाले. मे महिन्यात बाहेर पारा ४४-४५ ला टेकलेला, खोलीत चाळीशी, कॅबिनेटच्या वरच्या जाळीवर हात धरला तर झळ लागते. अशा दुपारीही रेंडर (एडिट केलेला व्हिडिओ तयार करणं) चालू असताना प्रोसेसरचा वेग पडला नाही. एका मित्राकडे उघड्या मॉसफेटचा बोर्ड आहे, प्रोसेसर हाच. त्याचं तेच काम दुपारी रखडतं आणि रात्री सुरळीत होतं.

उष्णतेचा दुसरा मार कपॅसिटरवर, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांवर बसतो. तापमान दर १० अंशांनी वाढलं की साध्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. म्हणून सॉलिड कपॅसिटर हवेतच. डोक्यावर सपाट धातू आणि त्यावर फुलीची खाच नसलेले, असे ते दिसतात.

बी५५० (ए५२० च्या वरचा चिपसेट) घ्यायला हवा होता का, हे बरेच जण विचारतात. ५६००जी असेल तर माझं उत्तर नाही. बी५५० चा मोठा फायदा पीसीआय एक्सप्रेस ४.० (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडीला जोडणारा जास्त वेगाचा मार्ग), पण ५६००जी स्वतःच ३.० वर थांबतो. बोर्ड कितीही भारी घ्या, प्रोसेसरमध्ये नाही ते येणार कुठून? ए५२० वर प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) होत नाही, पण आपल्या उन्हाळ्यात ते करायचंच कोणाला आहे! पुढे ग्राफिक्स कार्ड टाकायचं पक्कं असेल आणि साधा, ‘जी’ नसलेला ५६०० (त्याला ४.० चालतं) घेणार असाल, तर मात्र बी५५० चा विचार जरूर करा. वाचलेल्या पैशांत मी रॅमची एक १६ ची काडी न घेता ८ च्या दोन घेतल्या, कारण आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं आणि दोन चॅनेल मिळाले की व्हिडिओ चालवताना फरक डोळ्यांना दिसतो.

खोक्यावर ‘रायझन ५००० डेस्कटॉप रेडी’ असं स्टिकर आहे का, ते दुकानातच बघा. ए५२० आला २०२० च्या ऑगस्टमध्ये, ५६००जी त्यानंतर वर्षभराने. जुना माल असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. आणि बाजारात इंटेलच्या जुन्या एच६१ चिपसेटचे ‘नवे’ बोर्ड फार स्वस्तात मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. तो चिपसेट २०११ चा, त्याच्या प्रोसेसरना विंडोज ११ चा अधिकृत आधार नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता अर्थिंग. पहिल्याच उन्हाळ्यात अनवाणी पायांनी कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिण्या यायच्या, हेडफोनमध्ये घरघर यायची. बोर्डातच खोट आहे असं घरात सगळ्यांना वाटलं. वायरमन आला, मल्टिमीटर लावला, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये ३० च्या वर व्होल्ट! म्हणाला, “भाऊ, बोर्डले काही व्हयेल नई. अर्थिंग सुकी जायेल शे.” काळी माती एप्रिलपासून भेगाळते, खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थिंगची तार नुसती नावाला उरते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटच्या अंगावर येतच असतो. त्याला जमिनीत जायला वाट मिळाली नाही की तो आपल्या बोटातून जातो. खड्डा उकरून कोळसा-मीठ भरलं, पाणी सोडलं. रीडिंग ३ च्या आत आलं आणि घरघर त्याच दिवशी थांबली. आता उन्हाळाभर खड्ड्यात पाणी जातं. दहा हजारांचा बोर्ड घेऊनही अर्थिंगशिवाय भरवसा नाही, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

कूलरबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडचं पाणी जड, कूलरच्या झोतासमोरच्या वस्तूंवर पांढरी खार बसते. तो झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओल आणि क्षार एकत्र आले की स्लॉटच्या पिना खराब होतात. वळवाच्या विजा सुरू झाल्या की आम्ही पॉवरच्या प्लगबरोबर लॅनची वायरही काढतो, कारण बोर्डाचं लॅन पोर्ट त्या वाटेनेही जळतं.

उणिवा आहेत. रॅमचे स्लॉट दोनच, म्हणजे ३२ जीबी करायचं तर आत्ताच्या दोन्ही काड्या काढाव्या लागतील. एनव्हीएमई एसएसडीसाठीचा एम.२ स्लॉटही एकच. कॅबिनेटच्या पंख्याची वायर लावायला हेडर (पिनांचं कनेक्टर) ही एकच, दुसरा पंखा स्प्लिटर लावून चालवतोय. आपल्या हवेत हा हिशेब चुकीचा आहे, दोन हेडरवाला बोर्ड मिळाला तर तोच घ्या.

ऑनलाइन थोडा स्वस्त मिळत होता, तरी मी जळगावच्या दुकानातून घेतला. वॉरंटी तीन वर्षांची आहे. काही झालंच तर दुकानदार बोर्ड सर्व्हिस सेंटरला पोचवतो, आपल्याला कुरिअर करत बसावं लागत नाही. फक्त बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोकं टाकू नका. इंटेलचा बोर्ड घेत असाल तर सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकणही जपून ठेवा: त्याच्या पिना बोर्डावर असतात, आणि वाकलेल्या पिनांचा बोर्ड वॉरंटीत घेत नाहीत.