रामबागेतला घरगुती स्टुडिओ: तीन गाणी, दोन रविवार आणि पतंगाची सद्दी

इंदूरमध्ये बँडचं रेकॉर्डिंग कुठे करायचं असं महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. रामबागेत एका जुन्या घराच्या मागच्या खोलीत हा स्टुडिओ आहे. बाहेर पाटी नाही, नावही धड नाही, आम्ही सगळे नुसतं 'दादाकडे' म्हणतो. तीन गाणी केली तिथे, दोन रविवार गेले आणि वर एक संध्याकाळ.

ही खोली मुळात दादाच्या बाबांची. ते भजनी मंडळांना कॅसेटी करून द्यायचे, त्यासाठी कुठून तरी टॅस्कॅमचा सेकंडहँड पोर्टास्टुडिओ आणलेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिला पोर्टास्टुडिओ आला १९७९ ला, साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक भरता यायचे आणि घरगुती रेकॉर्डिंगची सगळी कहाणी तिथूनच सुरू होते. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा अख्खा अल्बम 'नेब्रास्का' असल्याच मशीनवर, घरच्या खोलीत, दोन एसएम-५७ माइक लावून भरलेला आहे. गंमत अशी की यात कॅसेट दुप्पट स्पीडने पळते आणि चारही ट्रॅक एकाच दिशेला, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत खल्लास. बुवांनी आलाप लांबवला की बाबा काचेवर घड्याळ ठोकून दाखवायचे म्हणे. मशीन अजून कपाटावर आहे, बेल्ट गेलाय, तरी काकू दर दसऱ्याला त्याला फूल वाहतात.

पुढे कॉलेजात असताना दादाने मित्रांचे बँड त्याच मशीनवर भरायला सुरुवात केली. तीन ट्रॅक भरायचे, ते चौथ्यावर उतरवायचे, मग मोकळे झालेले तीन परत वापरायचे, आणि एकदा उतरवलं की ड्रम कमी कर गिटार वाढव असलं काही नाही, झालं ते झालं. आता कॉम्प्युटर आहे, त्याला माइक जोडायचा इंटरफेस आहे, पाहिजे तेवढे ट्रॅक, पण माणसाची खोड गेली नाही. आमच्या दुसऱ्या गाण्यात गिटारचे पाच थर होते. दादा शांतपणे ऐकून म्हणाला, "यातले कोणते दोन ठेवायचे ते चहा होईपर्यंत ठरवा." मला खरं तर राग आला होता, पैसे आपण देतोय ना भाऊ. तीन ठेवले शेवटी. तिसरा आता ऐकताना मलाच खटकतो, पण ते त्याला सांगणार नाही.

ड्रमचं मात्र बघण्यासारखं होतं. चारच माइक, ब्रिटिश इंजिनियर ग्लिन जॉन्सची जुनी पद्धत: एक किटच्या डोक्यावर, एक फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर उभ्या मोठ्या ड्रमच्या) बाजूला, बाकीचे दोन किक (पायाने वाजवायचा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) यांच्याजवळ. पहिले दोन स्नेअरपासून अगदी सारख्या अंतरावर पाहिजेत, नाहीतर एकाच ठोक्याचा आवाज दोघांकडे मागेपुढे पोचतो आणि स्नेअर पातळ होऊन जातो. दादाने खिशातून पतंगाची सद्दी, म्हणजे साधा दोरा, काढली, एक टोक आमच्या ड्रमरला स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायला लावलं, वरच्या माइकपर्यंत ताणून चिमटीत पकडली आणि तीच चिमूट तशीच दुसऱ्या माइककडे नेली. चार बोटं कमी भरलं, स्टँड सरकवला, परत मोजलं. अर्धा तास हेच. मग हेडफोन लावले तर स्नेअर बरोब्बर कपाळाच्या मधे!

आम्हाला वाटलेलं भिंतीवर अंड्यांचे ट्रे असतील. दादा हसला, त्याने आवाज अडत नाही, नुसता वरचा चुरचुरीतपणा थोडा कमी होतो. इथे कोपऱ्यांत लाकडी चौकटीत रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) भरून वर खादी ताणलीय, कारण बेस येऊन साचतो तो कोपऱ्यातच, आणि गाणाऱ्याच्या मागे आजीच्या दोन रजया टांगल्यात. अमेरिकेत आर्लिंग्टनला डॉन झिएंटाराने घराच्या तळघरात इनर इअर नावाचा स्टुडिओ चालवला, मायनर थ्रेट या पंक बँडने १९८१ ला तिथेच रेकॉर्ड केलं, तेव्हा खोली छोटी आहे म्हणून नाक मुरडू नका.

आता तक्रारी. वायरिंग जुनं, एका सॉकेटला अर्थिंगच नाही, त्यामुळे पहिल्या रविवारी अँपमधून नुसतं घूंऽऽ, तीच ती विजेच्या लाइनची, पन्नास हर्ट्झची. दोन तास त्यातच गेले (त्याचे पैसे घेतले नाहीत, हे पण सांगतो). आवाज वेगळा ठेवायला बंद बूथ नाही, गिटारचा अँप बाथरूममध्ये ठेवतात, म्हणजे मधे कोणाला जायचं असेल तर टेक थांबवा. टेक चालू असताना पंखा बंद, मे महिन्यात जायचा विचारही करू नका. मिक्स दोन आठवड्यांत देतो म्हणाला, पाच लागले, आणि फोन उचलण्याची सवय अजिबात नाही. गाणाऱ्याचा आवाज तो मिक्समध्ये थोडा मागे ठेवतो, शब्द ऐकू यायला पाहिजेत असं दोनदा सांगावं लागलं. मेटलवाल्यांनी दुसरीकडे बघा.

तरी परत जाणार तिथेच. याआधी ज्या एसीवाल्या जागी गेलो होतो (नाव नको) तिथे ड्रमचा एकेक ठोका कॉम्प्युटरवर ओढून सरळ केला आणि वर आमच्याच रॉ फायली द्यायचे वेगळे पैसे मागितले. दादाने शेवटच्या दिवशी न मागता सगळ्या फायली ड्राइव्हमध्ये टाकून दिल्या.

तासाला तीनशे, चहा काकूंचा, पोहे नशिबात असतील तर. सकाळची वेळ घेतलीत तर कचरा गाडी त्यांच्या गल्लीतून गाणं वाजवत निघून गेल्यावरच जा, आमच्या पहिल्या गाण्याच्या इंट्रोत नीट ऐकलंत तर ती सापडेल.