संशोधनाला देणगी द्यायची आहे: झाडांतली रसायनं, चुंबकीय पदार्थ की सेवा करणाऱ्यांचं दुःख?

माजी विद्यार्थी मंडळाकडे थोडा निधी जमतो, संशोधनासाठी अर्ज मागवले जातात, आणि टेबलावर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले तीन प्रस्ताव येतात. एक वनस्पती रसायनशास्त्राचा, एक चुंबकीय पदार्थांचा, आणि एक घरच्या आजारी माणसाची सेवा करून त्याला गमावलेल्यांच्या दुःखाचा. यातला मोठा विषय कोणता, हा वाद घालू नका. पैसे नेमके कशावर खर्च होणार आणि निष्कर्ष मनासारखे आले नाहीत तर हाती काय उरणार, एवढंच तिघांना विचारा.

झाडांच्या प्रस्तावाची भुरळ पडते, आणि ती उगाच नाही. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं. त्याच रसायनावरून इरिनोटेकान आणि टोपोटेकान ही कर्करोगावरची औषधं तयार झाली. चीनच्या तू यूयू यांनी अर्क काढताना कमी तापमानाला ईथर वापरलं, तेव्हा हिवतापावरचं आर्टेमिसिनिन हाती लागलं. त्यासाठी त्यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण पुष्कळदा पाल्याची भुकटी, सॉक्स्लेट या काचेच्या उपकरणातला अर्क, त्यातले घटक वेगळे करणारा कॉलम, ते तपासणाऱ्या टीएलसी पट्टीवरचे ठिपके असं महिनोन्महिने खपून शेवटी निघतं ते ल्युपिऑल किंवा बीटा-सिटोस्टेरॉल. ही रसायनं कितीतरी झाडांत आधीच सापडलेली आहेत. म्हणून ओळखीची रसायनं सुरुवातीलाच कशी बाजूला काढणार आणि रेणूची रचना दाखवणारी एनएमआर तपासणी कुठे करून घेणार, हे विचाराच. झाडाचा नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, जमा होणार आहे का, तेही पाहा. नरक्याची तर तस्करीसाठी बेसुमार तोड झाली आहे. जंगलातून मुळासकट माल आणायचा बेत असेल, तर अर्ज तिथेच परत करावा.

चुंबकीय पदार्थांवर, म्हणजे बहुधा फेराइट या लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडांवर, काम लवकर उभं राहतं. लोह आणि कोबाल्टची नायट्रेटं सायट्रिक आम्लासोबत पाण्यात विरघळवायची, अमोनियाने सामू (पीएच) सातवर आणायचा आणि हॉटप्लेटवर आटवत राहायचं. जेल घट्ट होतं, मग एकाएकी पेटतं आणि बीकरभर भुसभुशीत काळी राख उरते. ती भट्टीत भाजली की एक्स-रेने रचना आणि व्हीएसएम यंत्राने चुंबकत्व मोजायला तयार. खर्च बेताचा. विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या इंदूरच्या यूजीसी-डीएई संशोधन केंद्रात प्रस्ताव मंजूर झाला तर विद्यापीठातल्या संशोधकाला मोजणीचे पैसेही पडत नाहीत. अडचण एवढीच की जरा जस्त वाढवलं, जरा निकेल घातलं की नवा शोधनिबंध तयार होतो. त्याने कोणता प्रश्न सुटला, याचं उत्तर अर्जात सापडत नसेल तर पुढे जाऊ नये.

विषय मात्र बिनमहत्त्वाचा नाही. विजेवरच्या गाड्यांच्या बहुतेक मोटरींत निओडिमियम-लोह-बोरॉनची चुंबकं असतात. उष्णतेत त्यांची ताकद टिकावी म्हणून डिस्प्रोशियम हा धातू घालतात, आणि एप्रिल २०२५मध्ये चीनने नेमक्या त्याच्याही निर्यातीवर निर्बंध घातले. ही लढाई सरकारी पैशाची आहे. आपल्या निधीने तिथे फारसं काही हलणार नाही.

तिसऱ्या अर्जापाशी मी थांबेन. २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा केलेल्या २१७ नातेवाइकांशी संशोधक बोलले. ७२ टक्क्यांनी सांगितलं की त्या मृत्यूने आपल्यालाही सुटल्यासारखं वाटलं. आपल्याकडे हे चारचौघांत बोलायची सोय नाही. सासूचं अंथरूण वर्षानुवर्षं सुनेने काढलेलं असतं. तेराव्यानंतर भाड्याचा पलंग परत जातो, औषधांच्या पट्ट्या कपाटात राहतात, आणि तिचा अख्खा दिवस रिकामा होतो. सांत्वनाला येणारे मुलाजवळ बसतात. तिला कुणी विचारत नाही.

बरेचजण यातून हळूहळू सावरतात, काहीजण अडकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात लांबलेल्या शोकाला आता आजार मानलं आहे. मुदत किमान सहा महिन्यांची, तीही समाजाच्या रीतीभाती लक्षात घेऊन. त्या रीती आपल्या घरांत कशा चालतात, हे आपल्याच माणसांनी सुनांशी आणि मुलींशी बोलून समजून घ्यायला हवं. याला महागडं यंत्र लागत नाही. पैसे लागतात ते मुलाखती घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला, प्रवासाला, ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायला आणि समुपदेशकाच्या मानधनाला. निष्कर्ष फिके निघाले तरी नीट पारखलेली मराठी प्रश्नावली मागे राहते, आणि गंभीर रुग्णाचा त्रास हलका करणारी उपशामक सेवा देणाऱ्या परिचारिकेला ती दुसऱ्या दिवसापासून वापरता येते.

माझं मत या तिसऱ्या अर्जाला आहे, पण दोन अटींवर. बोलता बोलता कुणी कोसळलं तर त्याच दिवशी कुणाकडे पाठवणार, हे अर्जात लिहिलेलं हवं. आणि मार्गदर्शकाने असं काम आधी केलेलं हवं. यातली एक जरी अट पुरी होत नसेल, तर नमुना जमा करणारा झाडांचा अर्ज घ्या. रक्कम तिघांत वाटू नका, कुणालाच पुरणार नाही. पहिला हप्ता नीतिमत्ता समितीची लेखी परवानगी हाती आल्यावरच सोडा.