वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनसाठी स्वतःचे टूल: बॅश, पायथन की गो?

नागपुरातील आमची छोटी टीम वर्धा, भंडारा आणि उमरेड येथील महाविद्यालयांची व दुकानांची मिळून चाळीसेक संकेतस्थळे एनजिनएक्स या वेब सर्व्हरवर चालवते. नवे संकेतस्थळ जोडणे, जुने बंद करणे, सुरक्षित जोडणीच्या (एचटीटीपीएस) प्रमाणपत्राचा पाथ बदलणे ही कामे हाताने करण्याऐवजी कमांड लाइनचे स्वतःचे टूल लिहायचे ठरले, की लिनक्सची कमांड भाषा बॅश आणि पायथन व गो या प्रोग्रामिंग भाषा हे तीन पर्याय समोर येतात. तिन्ही मी वापरले आहेत. निवड करताना वेगाचा विचार करू नये, कारण एक फाइल लिहून सर्व्हर रिलोड करण्यापुरते, म्हणजे तो बंद न करता नवे कॉन्फिगरेशन वाचायला लावण्यापुरते, तिन्ही पुरेसे वेगवान आहेत. टेम्प्लेट, म्हणजे कॉन्फिगरेशनचा रिकाम्या जागा सोडलेला साचा, चुका न होता कसे भरले जाते आणि टूल सर्व्हरवर पोहोचवायला किती खटपट पडते, एवढ्या दोनच गोष्टी माझ्या मते निर्णायक ठरतात.

बॅश जवळजवळ प्रत्येक लिनक्स सर्व्हरवर आधीच असते, आणि डेबियन या लिनक्सच्या प्रकारातील पद्धतीत संकेतस्थळ सुरू करणे म्हणजे ‘साइट्स-अव्हेलेबल’मधील फाइलची सिमलिंक (फाइलकडे बोट दाखवणारा दुवा) ‘साइट्स-एनेबल्ड’ फोल्डरमध्ये करणे, एवढेच असते. अडचण टेम्प्लेटपाशी येते, कारण एनजिनएक्सचे व्हेरिएबल $ चिन्हाने सुरू होतात आणि बॅशचेही. एका महाविद्यालयाच्या निकालाच्या आदल्या रात्री माझ्या स्क्रिप्टमधील हिअर-डॉकची, म्हणजे बॅशमध्ये थेट लिहिलेल्या अनेक ओळींच्या मजकुराची, खूण अवतरणचिन्हांत नव्हती. त्यामुळे प्रॉक्सीच्या हेडरच्या (विनंती पुढे पाठवताना जोडायच्या माहितीच्या) ओळीतील ‘$होस्ट’ बॅशने स्वतःचा समजून त्या जागी काहीच लिहिले नाही, आणि ओळ अपुरी राहून कॉन्फिगरेशन चुकीचे झाले. त्यावर कहर म्हणजे मी रिलोडऐवजी रीस्टार्ट लिहिले होते. रिलोडमध्ये नवे कॉन्फिगरेशन चुकीचे निघाले, तर सर्व्हरची मुख्य म्हणजे मास्टर प्रोसेस जुन्यावरच काम चालू ठेवते. रीस्टार्टमध्ये सर्व्हर आधी बंद होतो आणि मग चूक सापडते. त्या सर्व्हरवरील सगळी संकेतस्थळे बंद पडली, आणि निकालाची वाट पाहणाऱ्या मुलांना कोरे पान दिसले. टेम्प्लेट भरायचे असेल, तर बॅश वापरू नये, हे माझे मत त्या रात्रीपासून पक्के आहे.

पायथनमध्येही ही टक्कर पूर्णपणे टळत नाही. त्याच्या स्ट्रिंग-टेम्प्लेटला $ लागतो, तर फॉरमॅट पद्धतीला महिरपी कंस लागतात, आणि एनजिनएक्सची फाइल या दोन्हींनी भरलेली असते. जिन्जा ही पायथनची टेम्प्लेट लायब्ररी दुहेरी महिरपी कंस वापरते, म्हणून तीच घ्यावी. मात्र त्यात किंमत न दिलेल्या नावावर चूक दाखवणारा ‘स्ट्रिक्ट-अनडिफाइंड’ पर्याय जरूर लावावा, नाहीतर विसरलेल्या नावाच्या जागी मुकाट्याने रिकामी जागा येते आणि आपण पुन्हा बॅशच्याच खड्ड्यात पडतो. पोहोचवण्याच्या बाबतीत २०२३च्या डेबियन १२पासून सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप या पायथनच्या पॅकेज साधनाने सहसा थेट पॅकेज बसवता येत नाही; त्यासाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनची वेगळी जागा) करावे लागते किंवा डेबियनच्या एप्टमधून जिन्जा घ्यावे लागते.

गोमध्ये ही खटपट राहत नाही. एकच बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, बनते आणि ती कॉपी केली की काम संपते. एआरएम या वेगळ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या सर्व्हरसाठीची बायनरीसुद्धा आपल्याच लॅपटॉपवर तयार होते. २०२१च्या १.१६ आवृत्तीपासून टेम्प्लेटच्या फाइलीही बायनरीतच घालता येतात. गोच्या टेक्स्ट-टेम्प्लेटमध्येही दुहेरी महिरपी कंस असतात, पण मॅपमध्ये (नाव-किमतीच्या यादीत) हवे ते नाव नसले तर चूक दाखवण्याचा पर्याय तेथेही आपणच चालू करावा लागतो. प्रत्येक कॉलनंतर एरर तपासण्याचा कंटाळा येतो, हे खरे. अशा टूलमध्ये मात्र तो कंटाळा सार्थकी लागतो.

सगळे सर्व्हर आपल्याच ताब्यात आणि एकाच डेबियन आवृत्तीवर असतील, तर मी पायथन निवडेन, कारण टीममध्ये नव्याने आलेली व्यक्तीही ते वाचून दुरुस्त करू शकते. ग्राहकांच्या वेगवेगळ्या आणि जुन्या मशीनवर जाऊन काम करायचे असेल, तर गो निवडावी.

भाषा कोणतीही घेतली, तरी क्रम बदलू नये. नवी फाइल त्याच फाइल सिस्टीमवर टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने लिहावी आणि मग रिनेम करावी, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल सर्व्हरच्या हाती कधीच लागत नाही. त्यानंतर एनजिनएक्सची चाचणी चालवावी, ती फसली तर जुनी प्रत परत ठेवावी आणि पास झाली तरच रिलोड करावे. ती जुनी प्रत ‘साइट्स-एनेबल्ड’च्या बाहेर ठेवावी, कारण डेबियनच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल वाचली जाते, मग तिच्या नावाच्या शेवटी ‘बॅकअप’ लिहिलेले असले तरीही.