कुत्रा म्हणून वाघ

कॅल वर्दिंग्टनच्या जुन्या टीव्ही जाहिराती काल रात्री सलग पाहिल्या. कॅलिफोर्नियातला हा गाडीविक्रेता काउबॉय टोपी घालून 'माझा कुत्रा स्पॉट' म्हणतो, आणि शेजारी वाघ! कधी हत्ती, कधी अस्वल. कुत्रा मात्र मला कुठे दिसला नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बाँबर उडवलेला माणूस, त्याला वाघाचं काय! करमणुकीला पैकीच्या पैकी. गाडीची माहिती? किंमत खणखणीत आवाजात सांगतो, बॉनेट काही उघडत नाही. मीही एकदा अशाच एका बोलघेवड्या विक्रेत्याच्या विनोदांवर हसत हसत जुन्या गाडीच्या कागदांवर सही केली होती. घरी येऊन पायाखालचं मॅट उचललं, तर खाली गंज आणि बोट जाईल एवढं भोक.