निओच्या हातातलं पुस्तक: 'सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन'

'द मॅट्रिक्स' या सिनेमात नायक निओ एक जाडजूड पुस्तक उघडतो. आतून पोखरलेलं, डिस्क लपवायला. ते पाहूनच मी फ्रेंच विचारवंत झाँ बोद्रिलारचं हे पुस्तक मागवलं. हातात आलं तेव्हा चांगलंच बारीक निघालं. सिनेमात 'ऑन निहिलिझम' (शून्यवादाविषयी) हे प्रकरण मधोमध उघडतं. खऱ्या पुस्तकात ते अगदी शेवटी आहे.

मूळ फ्रेंच पुस्तक 1981चं, मी वाचला तो 1994चा इंग्रजी अनुवाद. वाक्यं लांबलचक, पहिलं प्रकरण मला तीनदा वाचावं लागलं. पण डिस्नेलँडवरचा भाग वाचताना अंगावर काटा आला. ते खोटं जग का उभारलंय? तर बाहेरचं सगळं खरं आहे असं आपल्याला वाटत राहावं म्हणून!

इथेच बोद्रिलारची सिनेमाबद्दलची तक्रार पटते. 2003च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की सिनेमावाल्यांनी सिम्युलेशनची, म्हणजे मागे अस्सल काहीच नसलेल्या नकलेची, गल्लत ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या जुन्या आभासाशी केली, ज्यात खोट्या देखाव्यामागे खरं जग असतंच. सिनेमात माणसं 'मॅट्रिक्स' नावाच्या, संगणकाने रचलेल्या खोट्या जगात जगतात आणि लाल गोळी घेतली की खऱ्या जगात जाग येते. पुस्तकात अशी गोळीच नाही, कारण नक्कल आणि अस्सल यांतली सीमाच पुसली गेलीय. मॅट्रिक्सनेच मॅट्रिक्सवर काढावा तसा हा सिनेमा आहे, असंही ते म्हणाले. कठोर वाटेल, पण मला ते रास्त वाटतं. सिनेमा मला आजही प्रिय आहे, तरीही.

साडेचार तारे. अर्धा कापला तो शेवटच्या काही त्रोटक प्रकरणांसाठी. घ्याच, आणि पेन्सिल जवळ ठेवा.