जावा २५० : घरी जोडली, आठ महिने चालवली

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीची १९६८ची मोटरसायकल. मला मिळाली तेव्हा एका गोठ्यात कडब्याखाली होती, इंजिन जाम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुट्टीच्या दिवशी काम करत ती उभी करायला चौदा महिने गेले. त्यानंतर आठ महिन्यांत सुमारे २२०० किलोमीटर झाले.

आधी क्रँकच्या (पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलबद्दल, म्हणजे त्याभोवतीच्या रबरी कड्यांबद्दल सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथंच गेला. हिच्यासारख्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत येते, तिथं दाबली जाऊन मग वर सिलिंडरमध्ये चढते. म्हणून क्रँककेस हवाबंद लागते, आणि ते काम ही सील करतात. मी सिलिंडर बोअर करून (आतून घासून) घेतला, पिस्टन आणि रिंगा नव्या टाकल्या, पण सील बरी दिसली म्हणून तीच ठेवली. गाडी चालू झाली, पण पांढरा धूर काही थांबेना. सायलेन्सर जाळून साफ केले, कार्ब्युरेटर चारदा उघडला. शेवटी गिअर ऑइल काढून मोजलं तर निम्मंच! क्लचच्या बाजूचं सील कडक झालं होतं आणि इंजिन तिथून ऑइल ओढून जाळत होतं. पुन्हा सगळं खोललं. इंजिन एकदा उघडलं की सील बदलाच, कितीही चांगली दिसू देत.

बाजारातल्या नव्या मडगार्डची भोकं जुळली नाहीत. पोचे आलेलं मूळचंच ठोकून सरळ करून घेतलं, ते अचूक बसलं. टाकीचं क्रोमही जुनंच ठेवलंय, आणि मला ते फार आवडतं.

चालवायला ही गाडी फार गोड आहे. गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की तीच कीक. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो, हाताने दाबला नाही तरी चालतं. खंबाटकी घाट तिनं न तापता चढला. पॉइंटची (ठिणगी पाडणाऱ्या स्विचची) फट ०.४ मिमी ठेवली की दुसऱ्या कीकला सुरू होते. लिटरभर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचं तेल) मी स्वतः मोजून घालतो. इथेनॉलचं पेट्रोल पाणी धरतं, त्यामुळे चार दिवस उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करतो.

दिवा मात्र सहा व्होल्टचा. गाडी हळू झाली की तो मिणमिणतो, त्यामुळे अंधार पडायच्या आत घरी येतो. बारा व्होल्ट करा असं बरेच जण सुचवतात, पण डायनॅमो नीट चालतोय तोवर मी त्याला हात लावणार नाही. सध्या क्लचच्या प्लेटा घसरायला लागल्यात, येत्या रविवारी ते कव्हर उघडतोय.